रॉबर्ट ई. हॉवर्ड

रॉबर्ट अर्विन हॉवर्ड (२२ जानेवारी, इ.स. १९०६ – ११ जून, इ.स. १९३६) हे अमेरिकन कथालेखक व कवी होते. कोनन या रानटी वीराचे आणि त्याच्या भोवतीच्या हायबोरियन युग या काल्पनिक प्राचीन जगाचे ते निर्माते होत. इजिप्त, मेसोपोटेमिया, इराण, चीन, भारत व उत्तर युरोप येथील प्राचीन संस्कृतींची छाया असलेली राज्ये एकाच नकाशावर मांडून त्यांनी हे जग उभे केले. तलवार आणि जादू यांचा मेळ घालणाऱ्या साहसकथांच्या प्रकाराचे ते आद्य लेखक मानले जातात. टेबलाभोवती बसून, पात्राची भूमिका घेऊन खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांच्या घडणीवर त्यांच्या कथांचा मोठा प्रभाव पडला. त्यांच्या मृत्यूनंतर ३८ वर्षांनी असा पहिला खेळ बाजारात आला. हॉवर्ड यांचे सारे लेखनकार्य सुमारे १२ वर्षांचे असून ते टेक्सास राज्यातील एका लहान गावात झाले.

जन्म आणि बालपण

हॉवर्ड यांचा जन्म टेक्सासमधील पीस्टर या गावी झाला. वडील आयझॅक मॉर्डेकाय हॉवर्ड हे डॉक्टर होते. आईचे नाव हेस्टर जेन अर्विन. रॉबर्ट हे त्यांचे एकुलते एक अपत्य. वडिलांच्या व्यवसायामुळे कुटुंबाला वारंवार गाव बदलावे लागले. १९१९ मध्ये कुटुंब मध्य टेक्सासमधील क्रॉस प्लेन्स या गावी स्थायिक झाले व हॉवर्ड अखेरपर्यंत तेथेच राहिले. आईला क्षयरोग होता. तिच्या आजारपणाची छाया घरावर कायम राहिली व तिच्या शुश्रूषेचा भार पुढे हॉवर्ड यांच्यावरही पडला. वाचनाची आणि कवितेची गोडी त्यांना आईकडून लागली.

१९१९ मध्येच वडिलांच्या वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी कुटुंबाचा मुक्काम काही काळ न्यू ऑर्लीन्स येथे होता. तेथील ग्रंथालयात प्राचीन ब्रिटनच्या इतिहासावरील एक पुस्तक हॉवर्ड यांच्या वाचनात आले. त्यातील पिक्ट या लोकांनी त्यांच्या मनात कायमचे घर केले. संस्कृत समाजांच्या सीमेवर वावरणारे आणि शेवटी त्यांना बुडविणारे लोक म्हणून पिक्ट त्यांच्या अनेक कथांत येतात.

१९२० च्या दशकात क्रॉस प्लेन्सच्या परिसरात खनिज तेल सापडले. अल्पावधीत गावात माणसांची, पैशांची व गुन्ह्यांची गर्दी झाली आणि तेलाचा भर ओसरताच ती ओसरली. भरभराट ही टिकत नाही आणि सुधारलेला समाज आतून पोखरला जातो, ही त्यांच्या लेखनातील ठाम भूमिका घडण्यात या अनुभवाचा वाटा असल्याचे चरित्रकार मानतात.

शिक्षण व लेखनाचा आरंभ

शालेय शिक्षणाचे अखेरचे वर्ष हॉवर्ड यांनी ब्राउनवुड येथील शाळेत पूर्ण केले (१९२३). पुढे तेथीलच हॉवर्ड पेन महाविद्यालयात त्यांनी लघुलेखन व जमाखर्चाचे शिक्षण घेतले. टपाल कचेरी, औषधाचे दुकान, तेलविषयक बातम्या पाठविणे, लघुलेखकाचे काम अशा नोकऱ्या त्यांनी केल्या, परंतु एकीतही त्यांचे मन रमले नाही.

त्या काळी अमेरिकेत स्वस्त कागदावर छापलेल्या कथामासिकांचा मोठा वाचकवर्ग होता. हॅरॉल्ड लॅम्ब व टॅल्बट मंडी यांच्या ॲडव्हेंचर या मासिकातील पूर्वेकडील देशांच्या साहसकथा हॉवर्ड आवडीने वाचत. १९२४ मध्ये त्यांची स्पिअर अँड फँग ही आदिमानवाच्या काळातील कथा विअर्ड टेल्स या मासिकाने १६ डॉलर देऊन स्वीकारली. ती जुलै १९२५ च्या अंकात प्रसिद्ध झाली.

त्यानंतर ऑगस्ट १९२८ मध्ये सॉलोमन केन हा धर्मनिष्ठ भटका योद्धा आणि ऑगस्ट १९२९ मध्ये अटलांटिसमधून आलेला राजा कल ही पात्रे वाचकांसमोर आली. याखेरीज मुष्टियोद्ध्यांच्या विनोदी कथा, धर्मयुद्धांवरील ऐतिहासिक कथा, अफगाणिस्तानातील साहसकथा, टेक्सासच्या पार्श्वभूमीवरील कथा आणि विपुल कविता त्यांनी लिहिल्या. १९३० पासून भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. सुधारणा श्रेष्ठ की रानटी जीवन, हा या दीर्घ पत्रव्यवहारातील वादाचा मुख्य विषय होता. लव्हक्राफ्ट सुधारणेच्या बाजूने होते. हॉवर्ड रानटी जीवनाच्या.

कोनन

१९३२ च्या आरंभी हॉवर्ड यांनी टेक्सासच्या दक्षिण सीमेवरील रिओ ग्रांद नदीच्या परिसरात प्रवास केला. सिमेरिया या डोंगराळ, ढगाळ प्रदेशातून आलेल्या कोननची कल्पना त्यांना याच काळात सुचली. राजा कलची एक न खपलेली कथा त्यांनी नव्या नायकासाठी पुन्हा लिहून काढली. ती द फिनिक्स ऑन द स्वोर्ड या नावाने विअर्ड टेल्सच्या डिसेंबर १९३२ च्या अंकात आली. १९३२ ते १९३६ या काळात या मासिकात कोननच्या १७ कथा प्रसिद्ध झाल्या.

या कथा कालक्रमाने लिहिलेल्या नाहीत. पहिल्या दोन कथांत कोनन प्रौढ राजा आहे, तर मार्च १९३३ मधील द टॉवर ऑफ द एलिफंट या कथेत तो नवखा तरुण चोर आहे. पुढे तो भाडोत्री सैनिक, समुद्री चाचा व टोळीप्रमुख म्हणून भेटतो. प्रत्येक कथा स्वतंत्र असून तीत नवा प्रदेश, नवे अवशेष व नवा धोका असतो. कथानायक एकच आणि जगाचा नकाशा एकच असल्याने या सुट्या कथा एकमेकींशी बांधल्या जातात.

हायबोरियन युग

कथांची संख्या वाढू लागल्यावर भूगोल व इतिहास यांत विसंगती राहू नये, म्हणून हॉवर्ड यांनी १९३२ मध्ये द हायबोरियन एज हा निबंध स्वतःच्या उपयोगासाठी लिहिला. अटलांटिस बुडाल्यानंतरचा आणि लिखित इतिहास सुरू होण्यापूर्वीचा एक विस्मृत कालखंड त्यात कल्पिला आहे. राज्यांचा उदय, जमातींची स्थलांतरे, युद्धे व विनाश यांचा तो सलग वृत्तान्त आहे. हे सारे काल्पनिक असून मान्य इतिहासाला पर्याय म्हणून मांडलेले नाही, असा खुलासाही त्यांनी केला होता. युरोप, उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया यांच्या बाह्यरेषेवर त्यांनी आपल्या राज्यांचे नकाशे काढले.

या जगाची रचना नावांवर उभी आहे. स्टिजिया हे सर्पपूजक पुरोहितांचे, थडग्यांचे आणि महानदीच्या काठचे राज्य इजिप्तची आठवण देते. शेममध्ये मेसोपोटेमिया व सेमिटिक नगरराज्ये दिसतात. तुरान व हिरकेनिया या नावांमागे इराणी परंपरा व मध्य आशियातील घोडेस्वार जमाती आहेत. व्हिलायत समुद्राची जागा कॅस्पियनची आहे. खिताई म्हणजे चीन, झिंगारा म्हणजे स्पेन, तर ॲसगार्ड व व्हानाहाइम ही नावे उत्तर युरोपच्या पुराणांतून थेट घेतलेली आहेत. वेगवेगळ्या शतकांतील समाज येथे शेजारी म्हणून नांदतात. मध्ययुगीन धाटणीच्या अक्विलोनियातील चिलखती सरदार काही आठवड्यांच्या प्रवासानंतर प्राचीन इजिप्तसारख्या देशात पोहोचू शकतो.

हा निबंध लव्हक्राफ्ट यांनी डोनाल्ड वोलहाइम यांच्याकडे प्रकाशनासाठी पाठविला आणि १९३६ मध्ये तो द फँटाग्राफ या हौशी नियतकालिकात येऊ लागला. तो पाठविताना लव्हक्राफ्ट यांनी एक दोष नोंदविला होता. हॉवर्ड यांची नावे खऱ्या प्राचीन नावांच्या इतकी जवळ जातात, की वाचकाच्या मनात त्या नावांचे ऐतिहासिक संदर्भ जागे होऊन घोटाळा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. हॉवर्ड यांना मात्र नावांचा हाच परिणाम उपयोगी होता. मासिकातील कथेला शब्दांची मर्यादा असे आणि नव्या देशाचे वर्णन करण्यास सवड नसे. ओळखीचे वाटणारे नाव घेताच वाचक आपल्या माहितीतून मंदिरे, वेश व हवामान स्वतः उभे करी.

वेंध्य आणि भारत

हायबोरियन जगात भारताच्या जागी वेंध्य हे राज्य आहे. विंध्य या पर्वतनामाशी त्याचे साम्य उघड आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९३४ या काळात क्रमशः आलेली द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल ही दीर्घकथा याच राज्याशी संबंधित आहे. वेंध्यचा राजा भुंडा चंद जादूच्या प्रयोगाने मरतो. त्याची बहीण यास्मिना देवी सूड घेण्यास निघते व उत्तरेच्या हिमेलियन डोंगरांत तिची गाठ अफगुली टोळ्यांचा प्रमुख झालेल्या कोननशी पडते. राज्याची राजधानी अयोध्या असून तेथील योद्धे क्षत्रिय म्हणवितात. द अवर ऑफ द ड्रॅगन या कादंबरीत असुर या देवतेचा गुप्त पंथ येतो. द टॉवर ऑफ द एलिफंट या कथेत एका मांत्रिकाने छळून डांबून ठेवलेला गजमुखी परलोकवासी आहे. कोननला त्याची भीती न वाटता करुणा येते.

हॉवर्ड कधीही अमेरिका खंडाबाहेर गेले नाहीत. त्यांचा भारत वाचनातून आलेला आहे आणि त्यातही तो मुख्यतः ब्रिटिशांच्या वायव्य सरहद्दीचा भारत आहे. यास्मिना हे नाव टॅल्बट मंडी यांच्या किंग ऑफ द खायबर रायफल्स (१९१६) या कादंबरीतील यास्मिनी या पात्राची आठवण करून देते, हे समीक्षकांनी दाखविले आहे. खिंडी, टोळ्या, हेर व गूढ योगी ही वेंध्य-कथेची सामग्री त्याच परंपरेतील आहे.

विंध्य हे नाव प्रत्यक्ष इतिहासात ज्या प्रदेशाशी जोडले गेले, त्याचे प्रतिबिंब या राज्यात नाही. वऱ्हाडच्या मैदानातील दर्यापूर, अकोट किंवा अचलपूर या भागांच्या उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग आहे; तिच्या पलीकडे तापी व नर्मदा यांची खोरी आणि नर्मदेच्या उत्तरेस विंध्य पर्वत आहे. प्राचीन विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याच्या मूळ पुरुषाचे नावच विंध्यशक्ती होते. त्याचा उल्लेख अजिंठा येथील १६ व्या क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात आहे. याच घराण्यातील दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट अचलपूरजवळील चम्मक या गावी मिळाला. दानपत्रे देणारे राजे, प्राकृत काव्य आणि लेणी यांची ही संस्कृती हॉवर्ड यांच्या वेंध्यमध्ये आढळत नाही. नाव विंध्याचे आणि देखावा खैबर खिंडीचा, असे त्या राज्याचे स्वरूप आहे. लव्हक्राफ्ट यांनी नोंदविलेल्या घोटाळ्याचे हे ठळक उदाहरण ठरते. ज्या वाचकाला विंध्य माहीत नाही त्याच्यासाठी हे नाव केवळ पूर्वेचा गंध देते. ज्याला माहीत आहे त्याला त्यातील पोकळी दिसते.

अखेरची वर्षे व मृत्यू

मासिकांचा मोबदला शब्दांवर ठरे आणि विअर्ड टेल्स तो कथा छापून आल्यावर देत असे. आर्थिक मंदीच्या काळात ही रक्कम थकत गेली. मे १९३५ मध्ये मासिकाकडून हॉवर्ड यांचे ८०० डॉलरहून अधिक येणे होते. त्याच सुमारास आईच्या उपचारांचा खर्च वाढत होता. त्यामुळे ते अधिक नियमित पैसे देणाऱ्या मासिकांकडे आणि टेक्सासच्या पार्श्वभूमीवरील कथांकडे वळले. कोननची शेवटची कथा त्यांनी १९३५ मध्ये लिहून पूर्ण केली. रेड नेल्स या नावाची ती कथा छापून येऊ लागली तेव्हा ते हयात नव्हते.

१९३४ पासून क्रॉस प्लेन्स येथील शिक्षिका नोव्हलीन प्राइस यांच्याशी त्यांचा स्नेह होता. प्राइस यांच्या आठवणींचे पुस्तक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. हॉवर्ड यांच्या स्वभावाचा, बोलण्याचा आणि घरातील ताणाचा ते महत्त्वाचा आधार मानले जाते. १९९६ मधील द होल वाइड वर्ल्ड हा चित्रपट त्यावर आधारित आहे.

जून १९३६ मध्ये आईची प्रकृती फार ढासळली व ती बेशुद्धावस्थेत गेली. ती आता शुद्धीवर येणार नाही असे कळल्यावर ११ जून रोजी हॉवर्ड यांनी आत्महत्या केली. त्यांचे वय ३० वर्षे होते. दुसऱ्या दिवशी आईचेही निधन झाले. १४ जून रोजी ब्राउनवुड येथील ग्रीनलीफ दफनभूमीत दोघांचे एकत्र दफन करण्यात आले. वडील १९४४ पर्यंत जिवंत होते.

मरणोत्तर प्रसिद्धी

हॉवर्ड यांच्या हयातीत कोननचे एकही पुस्तक निघाले नव्हते. १९४६ मध्ये अर्कम हाउस या संस्थेने त्यांच्या कथांचा मोठा संग्रह काढला. १९५० च्या दशकात नोम प्रेसने कोननकथा पुस्तकरूपात आणल्या. १९६६ पासून लान्सर प्रकाशनाच्या स्वस्त आवृत्त्या फ्रँक फ्रझेटा यांच्या मुखपृष्ठांसह लोकप्रिय झाल्या. या आवृत्त्यांत एल. स्प्रेग द कँप व लिन कार्टर यांनी अपूर्ण कथा पूर्ण केल्या आणि स्वतःच्या नव्या कथाही मिसळल्या. मूळ लेखन कोणते व भर कोणती, यावर पुढे बराच वाद झाला. हॉवर्ड यांच्या मूळ संहितांवर आधारित आवृत्त्या एकविसाव्या शतकाच्या आरंभी उपलब्ध झाल्या. १९७० मध्ये मार्व्हलची चित्रकथा मालिका व १९८२ मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगर यांची भूमिका असलेला कोनन द बार्बेरियन हा चित्रपट आला. क्रॉस प्लेन्स येथील हॉवर्ड यांचे घर आता संग्रहालय आहे.

टेबलावरील खेळांमधील स्थान

हायबोरियन जग कथेतून खेळात प्रथम आले ते इंग्लंडमध्ये. प्राचीन युद्धांचे खेळ लहान सैनिक-प्रतिमा मांडून खेळणारे टोनी बाथ यांनी १९५० च्या दशकात हायबोरिया नावाची दीर्घकाळ चाललेली मोहीम उभारली. प्रत्येक खेळाडूकडे एकेक राज्य असे आणि लढाईखेरीज करार, कर, वारसाहक्क यांचाही हिशेब ठेवला जाई. वेगवेगळ्या काळांतील सैन्ये एकाच पटावर आणण्याची अडचण हॉवर्ड यांच्या नकाशाने आयती सोडविली होती. बाथ यांनी मोहीम रचण्याच्या पद्धतीवर १९७३ मध्ये पुस्तकही लिहिले.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ प्रसिद्ध झाला. अशा रोल-प्लेइंग खेळात एक सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो, इतर खेळाडू आपापले पात्र काय करील ते सांगतात आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. या खेळाच्या प्रास्ताविकात गायगॅक्स यांनी हॉवर्ड यांच्या कोननकथांचा उल्लेख केला होता. १९७६ च्या गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज या पुरवणीत भारतीय, इजिप्शियन व ग्रीक पुराणांबरोबर हायबोरियन जगाचाही समावेश होता. १९७९ च्या सूत्रधार-पुस्तिकेतील शिफारस केलेल्या वाचनाच्या यादीत गायगॅक्स यांनी हॉवर्ड यांची गणना सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या लेखकांत केली.

प्राचीन संस्कृतींवर बेतलेल्या खेळविश्वांचा दुसरा मार्गही याच काळात दिसला. एम. ए. आर. बार्कर या भाषातज्ज्ञांनी १९७५ च्या एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन या खेळासाठी टेकुमेल हे विश्व रचले. दक्षिण आशिया, इजिप्त व मध्य अमेरिका येथील संस्कृतींची छाया त्यात असली, तरी नावे आणि भाषा पूर्णपणे नव्या होत्या. खेळाडूंना ते जग आधी शिकावे लागे. हॉवर्ड यांच्या जगात तो खटाटोप नव्हता. स्टिजिया म्हणताच इजिप्त समजत असे आणि नवखा खेळाडूही पहिल्याच बैठकीत खेळू लागे.

हायबोरियन जगावर आधारित स्वतंत्र खेळही निघाले. टीएसआर कंपनीने १९८४ मध्ये कोननविषयक दोन साहसपुस्तिका व १९८५ मध्ये डेव्हिड कुक यांनी रचलेला स्वतंत्र खेळ प्रसिद्ध केला. २००४ मध्ये मंगूस व २०१७ मध्ये मोडिफियस या ब्रिटिश प्रकाशन संस्थांनी नव्या नियमांसह खेळ आणले. मोनोलिथ या फ्रेंच संस्थेचा पटखेळ २०१६ मध्ये आला.

टीका व मूल्यमापन

हॉवर्ड यांच्या कथांचा वेग, दृश्यात्मकता आणि विनाशाची जाणीव यांची प्रशंसा होते. त्याच वेळी त्यांच्या लेखनातील वंशविषयक कल्पनांवर गंभीर टीका झाली आहे. हायबोरियन युगाचा निबंध प्रत्येक लोकसमूहाला रक्ताच्या वारशाने ठरलेला स्वभाव देतो. हे त्या काळी अमेरिकेत प्रचलित असलेल्या वंशसिद्धान्तांचे प्रतिबिंब आहे. कृष्णवर्णीय लोकांचे काही कथांतील चित्रण उघडपणे अवमानकारक आहे. पूर्वेकडील देश जादू, विलास व कपट यांच्याशी जोडले जातात.

खेळांच्या दृष्टीने या टीकेला विशेष महत्त्व आहे. कथेतील साचा वाचून बाजूला ठेवता येतो. खेळात तोच साचा नियम होतो आणि अमुक देशाचा माणूस अमुक स्वभावाचा, हे अंकांत मांडले जाते. अलीकडच्या काळात खेळप्रकाशकांनी असे नियम बदलण्यास सुरुवात केली आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४ च्या आवृत्तीत वंश या अर्थाची जुनी संज्ञा काढून प्रजाती ही संज्ञा घेण्यात आली.

ओळखीच्या नावांवर उभ्या असलेल्या या जगाचे बळ आणि मर्यादा दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. नाव ऐकून जे चित्र उभे राहते ते खेळणाऱ्याच्या स्वतःच्या माहितीतून येते. त्यामुळे वेंध्य हे एका टेबलावर खैबर खिंडीतील साहसाचे राज्य राहते, तर विंध्यशक्तीचे नाव ज्याच्या परिचयाचे आहे असा सूत्रधार त्याच कोऱ्या जागेत ताम्रपट, विहार आणि पूर्णेच्या खोऱ्यातील गावे मांडू शकतो. हॉवर्ड यांनी नकाशावर सोडलेली ही मोकळीक त्यांच्या जगाच्या दीर्घायुष्याचे एक प्रमुख कारण मानता येते.